निवडणूक हरली म्हणजे लोकांचं मत बदललं का? सीमाभागातल्यांनी जरा सांगा

अगसग्याकडचा_पोर:

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावच्या पश्चिमेकडल्या एका खेड्यातला, उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये सीएनसीवर काम करतो. राजकारणातलं मला लय कळत नाही, पण परवा एक गोष्ट झाली ती डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय, लांबलंय पण वाचा.

आमच्या लाईनवर बैलहोंगलकडचा एक कन्नड मित्र आहे, चांगला आहे पोरगा, माझ्या बहिणीच्या लग्नात दोन दिवस राबला. चहाच्या सुट्टीत सरळ मनानं विचारला, भांडणाच्या सुरात नाही, की तुम्ही दर १ नोव्हेंबरला काळे कपडे घालून सायकल फेरी काढता ते ठीक, पण २०१८ ला समितीचा, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा, एक आमदार आला नाही, २०२३ ला आला नाही, २०२१ ला महापालिकेत भाजपनं ५८ पैकी ३५ जागा घेतल्या, मग लोकशाहीत लोकांचं मत म्हणजे हेच ना? मोजून झालं की. मला उत्तरच देता आलं नाही. कारण खरं सांगतो, मी स्वतः २०२३ ला समितीला मत दिलं नव्हतं. गावाकडचा रस्ता आणि पाण्याच्या टाकीचं काम ज्याच्याकडून होईल असं वाटलं त्याला दिलं. आणि तरी त्याच वर्षी १ नोव्हेंबरला फेरीला गेलो, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, त्या पण मनापासूनच. मग माझं मत नेमकं कुठलं धरायचं, मे महिन्यातलं का नोव्हेंबरमधलं?

दुसरी गोष्ट. २०२४ च्या लोकसभेआधी आमच्या दारात सर्वेचा एक पोरगा आला होता टॅब घेऊन. आबा अंगणात काजूच्या बिया वाळत घालत बसले होते. पोरगा कन्नडमधनं विचारतोय, आबा मोडकंतोडकं उत्तर देताहेत, आणि कट्ट्यावर पंचायतीचा एक मेंबर आणि दोघं तिघं बसलेले, सगळ्यांचे कान इकडं. शेवटचा प्रश्न कुणाला मत देणार. आबांनी एक नाव सांगितलं आणि मला माहीत होतं की ते त्याला जन्मात मत देणार नाहीत. पोरगा गेल्यावर मी विचारलं असं का सांगितलंत, तर बियांवरचा हात न थांबवता म्हणाले, "त्याला ऐकायचं होतं ते त्याला सांगितलं, मला करायचंय ते मी करतो."

आता त्या टॅबमध्ये आबांचं मत म्हणून ते नाव गेलं. मग जनमत जनमत म्हणतात ते राहतं कुठं? मतपेटीत, मोर्चात, सर्वेत, का कोर्टात? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, मला त्या मित्राला नीट उत्तर द्यायचंय, जिंकायचं म्हणून नाही.

खानापूरकर_मास्तर:

बाळा, प्रश्न चांगला विचारलास आणि स्वतःचं मत कुणाला दिलंस ते प्रामाणिकपणे सांगितलंस त्याबद्दल आधी शाबासकी. मी ३२ वर्षं शाळेत शिकवलं, आता घरी असतो, त्यामुळं जरा मोठं लिहितो.

तुझ्या मित्राचा प्रश्न झोंबतो त्याचं कारण आपल्याच इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, त्याच्याआधी जानेवारीत गोळीबार झाला, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन त्याचाच. तेव्हापासून महाराष्ट्रात जायची आपली मागणी चार गोष्टींवर उभी आहे, लहानपणापासून सभेत पाठ झालेल्या, खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रासची हद्द ठरवताना पाटसकरांनी जी सूत्रं लावली ती आम्हाला पण लावा, एवढंच म्हणणं. यातल्या पहिल्या तीन गोष्टी नकाशा आणि जनगणना घेऊन टेबलावर बसून काढता येतात. चौथी, लोकेच्छा, ती कशी काढणार? लोकांना विचारूनच. आणि आपल्याला तो प्रश्न तसा, एका कागदावर हो का नाही असा, आजतागायत कुणी विचारलेला नाही. महाजन आयोगानं १९६७ ला अहवाल दिला, निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्या आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणाला, महाराष्ट्रानं तो नाकारला, पण तो अहवालही एका माणसाचा निवाडा होता, लोकांचं मतदान नव्हे.

मग विचारणार कोण नाही म्हटल्यावर आपणच निवडणुकीला सार्वमत म्हणायला लागलो. दरवेळी सभेत हेच, ही निवडणूक नव्हे, हे सार्वमत आहे. जोपर्यंत निवडून येत होतो तोपर्यंत ते माप आपल्याला बरं वाटलं. आता त्याच मापानं तुझा मित्र मोजतोय, त्यात त्याची काय चूक? माप आपणच हातात दिलंय.

पण ते माप मुळात त्या कामाचं नाही, हे मला गोव्यावरनं कळलं. माझी आत्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दिली होती, वाळपईच्या पलीकडं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं का केंद्रशासित राहायचं एवढा एकच प्रश्न, विलीनीकरणाला फुलाचं चिन्ह आणि वेगळं राहायला दोन पानांचं. निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांचं सरकार आधीच बाजूला झालं होतं. मी तेव्हा १२ वर्षांचा, आत्याकडं गेलेलो. घरात दोन तट, मामा, म्हणजे आत्याचे यजमान, फुलाचे, आणि आत्या काही बोलायची नाही, चुलीपुढं बसून भाकऱ्या थापायची. १ लाख ७२ हजार १९१ मतं दोन पानांना पडली, १ लाख ३८ हजार १७० फुलाला. विलीनीकरण पडलं. आणि दोन सव्वादोन महिन्यांत, मार्चमध्ये, विधानसभा झाली तर निवडून कोण आलं? विलीनीकरणासाठी झटणारा तोच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, मुख्यमंत्री पुन्हा बांदोडकरच. पुढं कितीतरी वर्षांनी आत्यानं सांगितलं, जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारला आणि मार्चात सिंहावर, म्हणजे बांदोडकरांच्या पक्षाच्या चिन्हावर. मी म्हटलं असं कसं आत्ये? ती म्हणाली, "गोवा वेगळा राहू दे हे एक, आणि कुळाच्या जमिनीसाठी भाऊच पाहिजेत हे दुसरं. दोन प्रश्न दोनदा विचारले, दोन उत्तरं दिली." भाऊ म्हणजे भाऊसाहेब बांदोडकर.

तू मेमध्ये टाकीला मत दिलंस आणि नोव्हेंबरमध्ये फेरीला गेलास, ते हेच. एका शिक्क्यात रस्ता, टाकी, जात, उमेदवाराचा स्वभाव, दिल्लीचं वारं सगळं बांधून दिलेलं असतं, त्यातनं सीमाप्रश्नाचं मत सुटं काढता येत नाही. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला १ लाख १७ हजारांवर मतं पडली होती, आणि निवडून आलेल्यांचं मताधिक्य ५ हजार २४०. हरलेलीच ती मतं, पण माणसं कुठं गेली नव्हती. शिवाय हे बघ, मी खानापूरचा, माझं लोकसभेचं मत उत्तर कन्नड मतदारसंघात, निपाणीवाल्यांचं चिक्कोडीत, तुझं बेळगावात. एकाच प्रश्नावरची माणसं तीन ठिकाणी वाटली गेली की प्रत्येक ठिकाणी ती थोडीच दिसणार.

१९९६ चं पण सांगतो, तू तेव्हा जन्मला नसशील. लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार उभे राहिले, जिंकायला नव्हे, आमच्याकडं बघा म्हणून. डिपॉझिट तेव्हा ५०० रुपये. त्याच निवडणुकीत आंध्रात नलगोंड्याला ४८० होते, तिथं पाण्यात फ्लोराइड, हाडं वाकली लोकांची, कुणी ऐकत नव्हतं म्हणून ते उभे राहिले. पुढं काय झालं, तर डिपॉझिट १० हजार केलं आणि अपक्षाला दहा सूचक लागतील असा कायदा केला. नलगोंड्याचं पाणी आणि आपला प्रश्न त्या कायद्यात कुठं आला नाही. लोकांनी एवढ्या मोठ्यानं सांगितलं आणि त्याचं उत्तर म्हणून दार अरुंद केलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

टॅबवाली:

मास्तर, नमस्कार, गोव्याची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. मी स्वतः दोन निवडणुकांना सर्वेचं काम केलंय, एमए राज्यशास्त्र करताना, दिवसाला ठरावीक फॉर्म भरले की पैसे. त्यामुळं आबांच्या त्या उत्तराबद्दल मला बोलायचंय.

आबा खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगायचे माणसाला एकट्याला गाठा, पण खेड्यात एकटं माणूस मिळतं कुठं? तुम्ही अंगणात गेला की पाच मिनिटांत शेजारी येणार, पोरं येणार, कुणीतरी टॅबमध्ये डोकावणार. मग माणूस चारचौघांत जे शोभतं ते सांगतो. बायकांचं तर विचारूच नका, मी सुनेला प्रश्न विचारायचा आणि सासरे आतनं उत्तर द्यायचे, "आमच्या घरात सगळे एकच." एकदा मी मुद्दाम पाणी मागितलं, सून आत गेली, मी पण मागोमाग स्वयंपाकघरात गेले, तिथं तिनं घागरीतनं पाणी ओतता ओतता हळूच दुसरंच नाव सांगितलं. तो फॉर्म मी तसा भरला. त्या दिवसाचे बाकीचे किती फॉर्म खरे होते हे मला आज पण छातीठोक सांगता येणार नाही.

आणि भाषा. हे वरच्या ऑफिसात बसलेल्यांना कळतच नाही. एकाच गल्लीत मी कन्नडमधनं सुरुवात केली की लोक सावरून बसायचे, सरकारी माणूस आहे असं वाटून रेशन, पेन्शन असं काहीतरी मनात यायचं, आणि मराठीतनं सुरुवात केली की हातातलं काम ठेवून बोलायचे पण मग समोरचं माणूस समितीचं असेल असं समजून तसं उत्तर द्यायचे. दोन्हीत खरं मत कुठलं? मला वाटतं लोकांकडं बऱ्याच गोष्टींवर तयार मत नसतंच, विचारल्यावर ते तिथल्या तिथं बनतं, म्हणून कोण विचारतंय आणि कुठल्या भाषेत याला एवढी किंमत आहे.

किती लोकांना विचारलं यानं पण फरक पडत नाही, कुणाला विचारलं यानं पडतो. अमेरिकेत १९३६ ला लिटररी डायजेस्ट नावाच्या मासिकानं एक कोटीच्या आसपास लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांच्या वर परत आल्या, त्यावरनं सांगितलं रूझवेल्ट पडणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले. पत्ते काढले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतनं, त्या मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडं होती? त्याच निवडणुकीत गॅलप नावाच्या सर्वेवाल्यानं त्यापेक्षा फार थोड्या लोकांना विचारून बरोबर सांगितलं. आपल्याकडं २०२४ ला बहुतेक एक्झिट पोल भाजप आघाडीला ३५० च्या वर देत होते, आल्या २९३. टीव्हीवर "जनतेचा कौल" म्हणून मोठ्ठ्या अक्षरात दाखवतात तेव्हा मला ते अंगण आठवतं आणि डोकावणारी ती तोंडं.

तरी सर्वे नकोतच असं मी म्हणत नाही. नीट केलेला सर्वे नसेल तर मग ज्याचा माईक मोठा त्याचंच मत जनमत म्हणून खपतं, ते जास्त वाईट.

शहापूर_गल्लीतली:

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. माझे बाबा मराठी, आई धारवाडकडची कन्नड. घरात दोन्ही बोलतो, सणाला कुंदा आणि पुरणपोळी दोन्ही असतं. शहापुरात वाढले, लग्न पण इथंच.

मास्तर, लोकेच्छा विचारायला पाहिजे होती हे मला मान्य आहे, पण लोक म्हणताना आपण कुणाला धरतो? माझ्या आईचं मत त्यात आहे का? माझ्या गल्लीत मराठी आहेत, लिंगायत आहेत, उर्दू बोलणारी घरं आहेत, विणकर आहेत. १ नोव्हेंबरला सकाळी काळे कपडे घातलेली फेरी जाते आणि दुपारी कन्नड राज्योत्सवाची लाल पिवळे झेंडे घेऊन मिरवणूक जाते, दोघंही म्हणतात हे बेळगावचं जनमत. आई त्या दिवशी खिडकी लावून घेते. तिचं मत रस्त्यावर नसतंच.

डिसेंबर २०२२ आठवा. २२ तारखेला कर्नाटकच्या विधानसभेनं इथंच बेळगावात बसून एकमतानं ठराव केला, एक इंच देणार नाही. २७ ला महाराष्ट्राच्या विधानसभेनं नागपुरात एकमतानं ठराव केला, ८६५ गावं घेणारच. दोन्हीकडं लोकांनीच निवडून दिलेली माणसं, दोन्हीकडं एकमत, आणि उत्तरं एकमेकांच्या बरोबर उलटी. त्याच महिन्यात गाड्यांवर दगड पडले, एसट्या बंद. बाबांना मिरजेला तपासणीला न्यायचं होतं, तारीख दोन महिने आधी घेतलेली. खासगी गाडीवाला हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या पुढं यायला तयार नव्हता, म्हणाला नंबर बघून फोडतील. शेवटी नाक्याच्या अलीकडं उतरलो, बाबांना हाताला धरून पलीकडं चालवत नेलं आणि तिकडच्या नंबरच्या गाडीत बसवलं. बाबा वाटेत दोनदा खाली बसले. त्या दोन्ही ठरावांत बाबा कुठं होते?

म्हणून मला वाटतं सगळंच जनमतावर सोडू नये. काही गोष्टी मतं मोजायच्या आधीच माणसाला मिळायला पाहिजेत. १९५६ ला राज्यं भाषेवर पाडली तेव्हाच सातव्या दुरुस्तीनं घटनेत कलम ३५०अ घातलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून, आणि ३५०ब नं त्यांच्यासाठी वेगळा अधिकारी नेमला. १५ टक्क्यांच्या वर अल्पसंख्याक भाषेचे लोक असतील तिथं सूचना, नियम त्यांच्या भाषेतनं पण द्यायचे हे पण ठरलेलं. हे का केलं? कारण बहुसंख्येचं मत त्यांच्या विरोधात जाणार हे आधीच माहीत होतं. समितीला शून्य आमदार असू देत नाहीतर दहा, माझ्या सासूला सातबाऱ्याचा उतारा वाचता आला पाहिजे. तो तिचा हक्क आहे, तिनं कुणाला मत दिलं यावर नाही. आणि उद्या बेळगाव महाराष्ट्रात गेलं तर माझ्या आईला हाच हक्क कन्नडसाठी मिळाला पाहिजे. हे दोन्ही एका दमात म्हणणारा पुढारी मला अजून भेटलेला नाही.

खानापूरकर_मास्तर:

ताई, राग कशाला? तुमच्या आईची खिडकी मी विसरणार नाही. चार सूत्रं पाठ करताना लोकेच्छेत कोण कोण येतं हे आम्ही कधी मोठ्यानं विचारलं नाही, हे मान्य करतो.

निपाणीची_लेक:

सगळं वाचलं. तुम्ही सगळे मत मोजायचं कसं यावर बोलताय, मला मत तयार होतं कसं यावर सांगायचंय, आजीकडनं ऐकलेलं आणि एक स्वतःचं.

आमच्याकडं तंबाखू. आजी वखारीत तंबाखू चाळायची, संध्याकाळी घरी आल्यावर पण तिच्या लुगड्याला तो वास असायचा, अंथरुणात पण. १९८१ ला मार्च एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे बेंगलोर हायवेवर ठाण मांडलं, शेतकरी संघटनेचे शरद जोशी आले होते, आंदोलननगरच वसवलं म्हणतात. आजी सांगायची, खेड्याखेड्यातनं भाकरीच्या बुट्ट्या यायच्या, कुठल्या बुट्टीत कुणाची भाकरी कोण बघत नव्हतं. हुक्केरी चिक्कोडीकडचे कन्नड शेतकरी आणि आमच्याकडचे मराठी एका मांडवात झोपायचे. आधी प्रत्येकाला वाटायचं आपलाच माल हलका, आपल्यालाच व्यापारी भाव पाडून देतो. तिथं रात्री बसून एकमेकांना आकडे सांगितले तेव्हा कळलं सगळ्यांचंच तसं होतंय. ते कळायच्या आधी ते मत कुणाच्याच डोक्यात नव्हतं, सर्वे केला असता तर आलं नसतं, निवडणुकीत पण आलं नसतं. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली. आजी ते सांगताना थांबायची, पुढचं सांगायची नाही, पदर तोंडाला लावून बसायची.

आता माझं. आमच्या गावात ग्रामसभा म्हणजे शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी फिरणार, सही करा ताई, चहा पण नको. सभा झाल्याचं कागदावर, ठराव कागदावर, सगळं कन्नडमधनं. गावाबाहेर खडी क्रशर यायचं होतं तेव्हा कळलं की "ग्रामसभेची हरकत नाही" असा ठराव आधीच झालाय आणि त्याखाली माझी पण सही आहे. माझी! मी केलेली, दारात उभं राहून, कुकरची शिट्टी झाली म्हणून घाईत. त्या रात्री झोप लागली नाही. म्हणजे माझं मत म्हणून एक कागद ऑफिसात आहे आणि ते माझं मतच नाही.

पुढच्या ग्रामसभेला आम्ही बचत गटाच्या ३० जणी गेलो. शिपायाला आधीच सांगितलं, घरी सही मिळणार नाही, सभेत येऊन करू. सभेत पीडीओ, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकारी साहेबांनी कन्नडमधनं वाचून दाखवलं आणि रजिस्टर पुढं केलं, तेव्हा आमच्यातली एक साठीची बाई उभी राहिली, तिला लिहायला वाचायला येत नाही, म्हणाली, "मला कळंल अशा भाषेत वाचा, मगच अंगठा." बराच वेळ कोण बोललं नाही. मग एका मेंबरनंच, कन्नड घरातला आहे तो, उभं राहून मराठीत सगळं सांगितलं. त्या दिवशी हरकत लिहून घेतली, धुळीची, विहिरींची, शाळेच्या वाटेवरच्या टिप्परची, आणि त्याखाली आम्ही सह्या केल्या. प्रकरण तालुक्याला गेलंय, अजून लागलेलं नाही, क्रशर पण अजून सुरू नाही.

दादा, तुमच्या मित्राला आमदार किती हे सांगून किंवा फेरीत किती माणसं हे सांगून पटायचं नाही. ज्या ज्या ठिकाणी आपलं मत कागदावर उतरतंय ते ते ठिकाण आपल्या ताब्यात आहे का ते बघा.

अगसग्याकडचा_पोर:

दोन दिवस नाईट होती म्हणून उशीर झाला, माफ करा. सगळ्यांचे मनापासून आभार, मास्तरकाका तुमचं तर आबांना वाचून दाखवलं. सत्तरीच्या आत्याचं ऐकून आबा म्हणाले, "शहाणी बाई." सर्वेच्या ताईंचं पण वाचलं, त्यावर काही बोलले नाहीत, पण नंतर मला म्हणाले त्या पोराला उन्हात पाणी पण विचारलं नाही आपण.

मित्राशी बोललो. गोव्याचं त्याला माहीतच नव्हतं, दोनदा आकडे विचारला. मग तो त्याच्याकडचं सांगायला लागला, कळसा भांडुराचं, म्हणजे म्हादईकडं जाणाऱ्या त्या नाल्यांचं पाणी मलप्रभा नदीत वळवायच्या योजनेचं. त्यांच्याकडं मलप्रभेत पाणी पाहिजे म्हणून सगळे एका सुरात, प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्ष देतो म्हणतो, २०१८ ला लवादाचा निकाल पण आला, तरी अजून वाट बघताहेत. मी त्याला म्हटलं की ते पाणी वळवायचं ते कणकुंबीकडनं, तिथल्या माणसांना काय वाटतं हे तुमच्यात कुणी विचारलं का? गप्प बसला थोडा वेळ. म्हणाला, "नाही विचारलं. आणि आम्हाला पण कुणी नीट विचारलं नाही, नुसतं आमच्या नावानं बोलतात." मग शिट्टी झाली. पण मला वाटलं आम्ही पहिल्यांदा एका बाजूला उभं राहून बोललो.

शहापूरच्या ताई, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं, आता बरे आहेत का? फेरीला मी पुढच्या वेळी पण जाणार, ते सोडणार नाही, पण तुमच्या गल्लीतनं जाताना ती खिडकी आठवेल.

आणि निपाणीच्या ताई, तुमच्या रजिस्टरचं वाचून मी आईला विचारलं, आपल्याकडं ग्रामसभेची सही कोण करतं? ती म्हणाली शिपाई येतो की दारात. पुढच्या आठवड्यात आमच्याकडं सभा आहे असं ऐकलंय, टाकीचाच विषय आहे. सभेचा कागद मराठीतनं पण द्या असा अर्ज आधीच द्यायचाय. कुणाच्या नावानं करायचा, आणि मराठीत लिहिला तर घेतील का?

निपाणीची_लेक:

पीडीओंच्या नावानं करा. आम्ही एका पानावर वर मराठी आणि खाली कन्नड असं दोन्ही लिहिलं होतं, म्हणजे कळत नाही म्हणून परत पाठवायला जागा राहत नाही. तुमच्या त्या मित्राकडनं कन्नडचा भाग लिहून घ्या. दोन प्रती करा, एकीवर तारीख आणि शिक्का मारून पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय टेबलावरनं हलू नका. आणि आईला सभेला घेऊन जा.

शहापूर_गल्लीतली:

बाबा बरे आहेत, विचारल्याबद्दल बरं वाटलं. कन्नडचा भाग कुणाकडनं तपासून घ्यायचा असेल तर इथं टाका, आई बघून देईल म्हणतेय, तिचं अक्षर पण चांगलं आहे.

अगसग्याकडचा_पोर:

मित्र लिहून देतो म्हणालाय, उद्या फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर आमच्या घरीच येतोय जेवायला. लिहून झालं की फोटो टाकतो, तुमच्या आईंना दाखवा.